तोंडात धरलेले पाणी

ओगल्यांच्या घरी गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, भरजरी साड्या नाहीत. पऱ्ह्याच्या पाण्यातून उचललेले सात खडे, तांब्याचे ताम्हन आणि हळदकुंकू, एवढाच त्यांचा थाट. रत्नागिरीच्या वेशीबाहेर, ओगल्यांच्या घरामागच्या डोंगरउतारावरून पावसाळ्यापुरता एक ओढा वाहतो. त्याला सगळे पऱ्ह्या म्हणतात. गौरी आवाहनाच्या दिवशी घरातल्या सवाष्णीने तिथवर जायचे, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, खडे उचलायचे आणि ते पाणी न गिळता, न थुंकता, मागे वळून न बघता घरी यायचे. तोंडात पाणी असले की बोलता येत नाही. ज्या कुणा पणजीने हा नियम घालून दिला तिला बायकांची फार चांगली पारख असावी, असे बाबा दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी आई त्यांच्याकडे डोळे वटारून बघे.

गेल्या वर्षी गौरी आल्या नाहीत. आईला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. या वर्षी त्या यायच्या होत्या आणि त्यांना आणणारे कुणी नव्हते.

"आणायच्या कुणी, हा खरा प्रश्न," ताम्हनाला चिंच चोळता चोळता बाबा म्हणाले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून ते पायरीसुद्धा कठड्याला धरून उतरत.

"स्वानंद आणेल," रॉटरडॅमहून ऋजुताताई म्हणाली. तिचा आवाज बापलेकांच्या कानातल्या मण्यांत एकाच वेळी उमटला.

"पुरुषानं?"

"का? खडे काय हात बघून येतात?"

"अगो, पण आजवर कधी..."

"आजवर तुम्ही चिंच तरी कधी चोळली होती, बाबा?"

बाबांनी हातातल्या ताम्हनाकडे पाहिले आणि ते अधिकच जोराने घासू लागले. स्वानंद खिडकीपाशी उभा होता. आपल्याविषयी बोलणे चालू असताना आपण त्या जागी नसल्यासारखे उभे राहण्याची कला त्याला लहानपणापासून अवगत होती.

"नंदू, ऐकतोयस ना? आणशील?"

‘आणीन,’ तो मनात म्हणाला आणि ते ताईला ऐकू गेले.

"पण त्याआधी एक करावं लागेल," ताई म्हणाली. "आईची पट्टी उघडावी लागेल."

खिडकीबाहेर भाद्रपदातले ऊन पडले होते, धुऊन वाळत घातल्यासारखे. स्वानंद तिकडेच बघत राहिला.

*

पट्टीचे खरे नाव कंठिका. बोटभर रुंदीची, कातडीच्या रंगाची ती फीत हनुवटीखाली, गळ्यालगत चिकटवत. तिच्यामागचे विज्ञान साधे आणि काहीसे अस्वस्थ करणारे होते. शब्दांत विचार करणारे माणूस कधीच पुरते गप्प नसते. ‘दूध उतू जाईल’ असे नुसते मनात आले, तरी मेंदू जिभेच्या, घशाच्या, हनुवटीखालच्या स्नायूंना क्षीण विद्युत्संदेश धाडतो. स्नायू हलावेत इतके बळ त्या संदेशांत नसते, एवढेच. कंठिका त्वचेवरून ते टिपी आणि त्यांतून शब्द जुळवी. ठरवून बोललेल्याचा संदेश किंचित ठळक असतो. तो आवाज होऊन दुसऱ्याच्या कानातल्या मण्यात पोचे. त्याच्या तळाशी चाललेले पुटपुटणे कुणालाही ऐकू जात नसे. पण प्रत्येकाच्या स्नायूंची लकब निराळी, ती शिकून घ्यायची तर पट्टीला सगळेच ऐकावे लागे. म्हणून ते पुटपुटणेही ती साठवून ठेवी. त्या साठ्याला तळवही म्हणत. माणूस गेल्यावर साऱ्या वारसांची संमती असेल तर ती उघडता येई.

घशातली गाठ काढताना आईच्या स्वरतंतूंची नस गेली आणि तिचा आवाज थांबला. ते सात वर्षांपूर्वीचे. तेव्हा पट्टी फक्त आजाऱ्यांसाठी मिळे. जुन्या ध्वनिफितींवरून यंत्राने आईचाच आवाज पुन्हा घडवला आणि ती बोलू लागली, ती पूर्वीपेक्षा दुपटीने. ओठ हलवायचे कष्ट नाहीत, दम लागणे नाही. स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडताना ती रॉटरडॅमच्या कचेरीत बसलेल्या लेकीला विचारी, ‘जेवलीस का?’ आणि बैठकीत चेहरा गंभीर ठेवून ताई मनातल्या मनात सांगे, ‘आई, साहेब समोर आहेत.’ ‘मग त्यांनाही विचार.’

पुढे पट्ट्या सगळ्यांकडेच आल्या आणि सणांचे रूप पालटले. पूर्वी आरती म्हटली की चार घरांपलीकडे झांजा ऐकू जात. आता निरांजन लावून माणसे मिटल्या ओठांनी उभी राहत आणि चार गावांतले, तीन देशांतले गळे एकमेकांच्या कानांत एकत्र गात. कुणाला कामावरून रजा घ्यावी लागत नसे. ताई आगगाडीत उभी राहून आरती म्हणे. बाहेरून बघणाऱ्याला घरे अपार शांत झाल्यासारखी वाटत. आत मात्र गजबज क्षणभरही थांबत नसे. स्वानंदसारख्या अबोल मुलाला या नव्या व्यवस्थेत सुख वाटावे, असे सगळ्यांना वाटे. त्याला ते वाटत नव्हते. पूर्वी त्याला न बोलण्याची सवलत होती. आता ‘गप्प का आहेस?’ हा प्रश्न थेट कानाच्या आत येई.

*

"आजीनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं होतं," ताईने दुसऱ्या दिवशी पुन्हा विषय काढला. "आईच्या पहिल्या गौरीला. वाटेत मनात काय म्हणायचं ते. सासूनं सुनेला सांगायचं, दुसऱ्या कुणाला नाही. मी कितीदा विचारलं, तर म्हणायची, वेळ आली की सांगीन."

"आणि वेळ आली नाही," बाबा म्हणाले.

"मी आले नाही, असं म्हणा ना, बाबा. सहा वर्षांत एकदाही मी गौरीला आले नाही." तिचा आवाज यंत्रातूनही ओला झाल्यासारखा वाटला. "इरा सहा वर्षांची झाली. उद्या तिनं विचारलं तर मी काय सांगू? आपल्या घरातलं जे आतलं होतं ते आईबरोबर गेलं? ते तळवहीत असणारच. मनात म्हटलेलं सगळं तिथे असतं."

सगळं असतं. स्वानंदला तीच तर भीती होती.

आईच्या शेवटच्या गौरीला, दोन वर्षांपूर्वी, बाबांचा पाय नुकताच प्लास्टरमध्ये गेला होता. गौर आणणारीच्या मागून घंटा वाजवत कुणीतरी चालायचे असते. आई घंटा घेऊन स्वानंदच्या खोलीच्या दारात आली. ‘येतोस?’ तिने मण्यातून विचारले. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, ‘काम आहे गं. तू जाऊन ये.’ ती थोडा वेळ दारात उभी राहिली. मग गेली, एका हातात ताम्हन आणि दुसऱ्या हातात घंटा घेऊन. त्यानंतरच्या वैशाखात ती कायमची गेली. त्या दिवशी काम काय होते, ते स्वानंदला पुष्कळ आठवूनही आठवत नसे. आठवत असे ती फक्त दारातली शांतता, आणि त्या शांततेत आईने स्वतःशी काय म्हटले असेल हा प्रश्न. त्याचे उत्तर आता एका फितीत होते आणि ताईला ते उघडायचे होते.

‘नको’ म्हणायला त्याला कारण द्यावे लागले असते. ते देण्यापेक्षा त्याने पट्टी खिशात घातली.

*

बसस्थानकामागच्या सेवाकेंद्रात मुकादमबाई नावाच्या पन्नाशीच्या तंत्रज्ञ होत्या. त्यांनी तिघांच्या संमतीच्या खुणा तपासल्या, फीत एका लहानशा काचेखाली ठेवली आणि विचारले, "आवाजात ऐकायचं की वाचायचं?"

"वाचायचं," स्वानंद घाईने म्हणाला. आईचा आवाज त्याला पेलला नसता.

"नेमकं कधीचं?"

त्याने तारीख सांगितली. सकाळचे अकरा. ताई कानात श्वास रोखून होती. तिकडे तेव्हा पहाट नुकतीच सरत होती.

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. स्वानंदने त्या ताईसाठी मनात वाचल्या.

‘पायरीवर शेवाळ आलंय. स्वानंद आला नाही ते बरंच झालं, त्याच्या त्या चपला म्हणजे नुसती घसरगुंडी. पोर वाळलंय अलीकडे. शेपूची भाजी आवडते त्याला, जास्त करायला हवी. घंटा केवढी जड ही, सासूबाई कशा आणायच्या कोण जाणे. आलं पाणी. गार आहे.’

आणि मग काही नाही.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. बरंच झालं. दोन वर्षे त्याने जो शब्द शोधला होता तो इतका साधा, इतका घरगुती असेल असे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. चपलांविषयी! त्याने खाली पायांकडे पाहिले. त्याच चपला होत्या.

"पुढे?" ताई म्हणाली. "पुढे वाच ना."

"पुढे कोरं आहे."

"कोरं म्हणजे?"

मुकादमबाईंनी पडदा पुढे सरकवला. एक मिनिट, दोन, पाच, दहा. एकोणीस मिनिटांनंतर पुन्हा शब्द उमटले : ‘हुश्श. दूध कुणी उतू घातलं?’

"फीत बिघडली असेल," ताई म्हणाली. "त्यांना विचार, नंदू. पाण्यामुळे काही झालं असेल."

त्याने विचारले. मुकादमबाईंनी पडद्याच्या तळाशी दोन रेघा उघडल्या. "बिघाड नाही. ही नाडी, ही चालण्याची लय. दोन्ही शेवटपर्यंत नीट आहेत. ही घोट गिळल्याची रेघ. ती मात्र सपाट आहे, त्यांनी एकोणीस मिनिटांत एकदाही गिळलेलं नाही. तोंडात काही होतं का त्यांच्या?"

"पाणी."

"हं. तरीसुद्धा पाण्यानं आतलं थांबत नाही. तोंड मिटलेलं असलं तरी पट्टीला मनातलं कळतंच, तिचं कामच ते." त्या मागे टेकून बसल्या. "ओगले, आठ वर्षं झाली मला हे करायला. लोक नमाजात बोलतात, पूजेत बोलतात. भाजीचे भाव, सुनेची तक्रार, सगळं चालू असतं खाली. आमचे हे तर झोपेतसुद्धा बांधकामाच्या मजुरांना ओरडतात. एकोणीस मिनिटं कोरी मी कुणाची बघितलेली नाहीत."

"त्या दिवशी मी तिला हाक मारली होती," ताई एकदम म्हणाली. "तीन वेळा. ‘आई, निघालीस का? आई, ऐकतेस का?’ तिनं ओ दिली नाही. मला वाटलं, मी आले नाही म्हणून रागावलीय. तीन दिवस मी बोलले नाही तिच्याशी."

स्वानंदने ते सांगितल्यावर मुकादमबाईंनी त्या रेघेवरचे तीन बारीक ठिपके दाखवले. "हाका पोचल्यात. मणी तीनदा वाजलाय." स्वानंदने तेही ताईला कळवले.

"आणि तिनं मनातसुद्धा ओ दिली नाही?"

स्वानंदने पडद्यावरच्या त्या कोऱ्या पट्ट्याकडे पाहिले. रात्रंदिवस जिच्या आत बोलण्याचा पूर वाहत असे, शेपूपासून साहेबांपर्यंत जिला सगळ्यांची विचारपूस करायची असे, ती त्याची आई या एकोणीस मिनिटांत कुठे होती? तिथे देवाकडे मागणे नव्हते, मंत्र नव्हता, आठवण नव्हती. त्याच्याविषयीचा राग नव्हता आणि त्याच्याविषयीचे प्रेमही नव्हते. नुसती चालण्याची लय होती, आणि सात खडे.

‘मनातसुद्धा नाही,’ तो म्हणाला.

ताईला हसू फुटले; रडण्याच्या अगदी काठावरचे. "म्हणजे मी तीन दिवस रुसले ते फुकटच की रे!"

*

आवाहनाच्या दिवशी सकाळी स्वानंदने धूतवस्त्र नेसले, गळ्यावरची पट्टी सोलून काढली आणि कानातल्या मण्यासकट देवघरातल्या कोनाड्यात ठेवली. समोरच्या भिंतीच्या पडद्यावर ताई आणि इरा नटूनथटून बसल्या होत्या. इराने परकर नेसला होता आणि त्यावर लोकरीचा जाड सदरा घातला होता.

"अरे, हे काय?" ताई ओरडली. "पट्टी का काढलीस? आम्ही तुझ्याबरोबर येणार होतो ना! सकाळी सातला उठवलंय मी हिला!"

"दारात भेटू," स्वानंद म्हणाला.

"नंदू, असं करू नकोस. एवढ्या लांब बसलेल्यांना तेवढंच तर मिळतं."

तिचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच त्याला ते लागले. कुणाला नाही म्हणायचे तर तो नेहमी खोलीत निघून जाई. आज तो तिथेच उभा राहिला. "ताई, तुझी हाक आली तर मला ओ द्यावीशी वाटेल. आईला जमलं, मला नाही जमणार."

ताईने ओठ दाबले आणि मान डोलावली. बाबांनी घंटा त्याच्या हातात दिली. "मी आलो असतो रे मागून," ते म्हणाले. "हा गुडघा..."

"असू दे, बाबा. आईही एकटीच गेली होती." मग तो म्हणाला, "मी चपला बदलल्यात."

बाबांना ते कळले नाही. तरी ते म्हणाले, "बरं केलंस."

पऱ्ह्याचे पाणी खरोखरच गार होते. त्याने चूळ भरून टाकली, दुसरी ओंजळ तोंडात धरली आणि पाण्यातले सात खडे उचलले; कुठले घ्यावेत हे ठरवत बसला नाही. मग एका हातात ताम्हन, दुसऱ्यात घंटा घेऊन तो चढणीला लागला.

पहिल्या शंभर पावलांत तो अखंड बोलत होता. आई, बघ, आलो. आई, त्या दिवशी चुकलं माझं. आई, शेवाळ अजून तसंच आहे. हे बोलणे थांबवायला हवे, असे तो स्वतःला सांगत होता आणि तेही बोलणेच होते. तेरड्याची फुले दिसली, तर त्यांच्यासाठी एक सुंदर वाक्य त्याच्या मनात आपोआप तयार झाले. त्या वाक्याची त्याला लाज वाटली आणि लाजेचेही एक वाक्य झाले. आपण ज्याला दुःख म्हणत आलो तेही बहुतांशी एक प्रदीर्घ संभाषण होते, ज्यात आईच्या वाट्याची वाक्येसुद्धा आपणच म्हणत होतो, हे त्याच्या ध्यानात आले. गालांत पाणी कोमट होत चालले. जबडा दुखू लागला.

घंटा मुद्दाम वाजवावी लागत नव्हती. जड असल्यामुळे ती प्रत्येक पावलागणिक आपल्या भाराने डुलत होती आणि टोल पडत होता. तो टोल ऐकू लागला. एक टोल, मग त्याचे विरत जाणे, मग पाऊल. पुढचा टोल पडेल याची तो वाट बघू लागला. आणि कुठल्याशा एका टोलानंतर, त्याचे विरणे आणि पुढचे पाऊल यांच्या मधल्या जागेत, वाट बघणारा कुणी उरला नाही. ताम्हनात खडे होते. पायांखाली वाट होती. किती वेळ, ते त्याला सांगता आले नसते. ते लक्षात आले तेव्हा ते संपलेले होते आणि समोर घराचे फाटक होते. त्या चालण्याची नोंद कुठेही नाही.

बाबा दारात निरांजन घेऊन उभे होते. आयुष्यात ते पहिल्यांदाच कुणाला ओवाळत होते आणि तबक उलट्या दिशेने फिरवत होते.

"बाबा, दुसरीकडून!" घरातल्या पडद्यातून ताईचा आवाज आला. "आजोबा, घड्याळासारखं!" इरा ओरडली.

बाबांनी तबक सुलट केले, त्याच्या पायांवर दूधपाणी घातले आणि घसा खाकरून विचारले, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

स्वानंद पायरीजवळच्या जास्वंदीच्या बुंध्याशी वाकला आणि तोंडातले पाणी त्याने मातीत सोडले. जीभ मोकळी झाली, पण क्षणभर तिला शब्द सापडेना.

"सोन्यामोत्यांच्या पावलांनी!" आतून मायलेकींनीच उत्तर दिले, एका आवाजात.

त्याने खडे घरभर फिरवले, तांदळाचा डबा दाखवला, चूल दाखवली, आई बसत असे तो झोपाळा दाखवला आणि गणपतीशेजारी पाटावर ठेवले. इरा एवढा वेळ कशीबशी दम धरून होती.

"मामा, पणजीचं सीक्रेट तुला कळलं?"

"कळलं."

पडद्यावर ताईने चमकून वर पाहिले.

"मग सांग ना! पट्टी लाव आणि फक्त मला सांग."

"पट्टीवर नाही सांगता येत, इरा. ते कानात सांगायचं असतं."

इराने क्षणभर विचार केला आणि आपला कान पडद्याला लावला. पाहता पाहता सारी भिंत त्या कानाने भरून गेली : गुलाबी, वळणदार, पाळीत आजीने पाठवलेली मोत्याची कुडी.

"सांग," ती म्हणाली.

"इतक्या लांबून नाही गं. इथं यावं लागतं."

मग त्या कानामागून कुठूनतरी ताईचा आवाज आला. पट्टीवरचा नव्हे, खऱ्या गळ्यातला, थोडा चिरकलेला. "बाबा, पुढच्या वर्षी गौरी कधी येतात हो?"

"थांब हं, पंचांग बघतो," बाबा म्हणाले आणि गुडघा विसरून लगबगीने आत वळले.

इराचा कान अजून भिंतीवर तसाच होता, कदाचित मामाचा विचार बदलेल या आशेने. आणि स्वानंद त्याच्यासमोर उभा राहिला, तोंडात अजून थोडे पाणी उरले असल्यासारखा.